चुकीच्या उत्तराचे पाच गुण

“चुकीचं उत्तर कोण देणार?” असं मी विचारलं आणि नववी ‘क’च्या एकावन्न पोरांनी एकदम माना खाली घातल्या.

बरोबर उत्तरं द्यायला पाच जण केव्हाच ठरले होते. त्यांत एक नगरसेवकाचा पुतण्या होता, एक डॉक्टरांची मुलगी होती, आणि उरलेले तिघे नीट इस्त्रीचे कपडे घालून येणारे होते. त्यांना फक्त उभं राहून, मी पाठ करून घेतलेलं एकेक वाक्य म्हणायचं होतं. चुकीचं उत्तर देणाऱ्यालाही तेवढंच करायचं होतं, पण पाहुण्यांसमोर मठ्ठ दिसायला कुणी तयार होईना.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालातली. मी बी.एड. करत होतो. ज्याला दुसरं काही मिळत नाही तो बी.एड. करतो, असं मी स्वतःच चारचौघांत सांगत असे, आणि ते माझ्या बाबतीत शंभर टक्के खरं होतं. बी.एड.ला वार्षिक पाठ नावाचा एक प्रकार असे. बाहेरगावचा परीक्षक येऊन मागच्या बाकावर बसे आणि आम्ही कसं शिकवतो ते पाहून पन्नासपैकी गुण देई. त्याच्या छापील कागदावर एक रकाना होता, ‘चुकीच्या उत्तराची हाताळणी’, गुण पाच. आता वर्गात कुणी चुकलंच नाही तर हाताळायचं काय? म्हणून आमच्या आधीच्या विद्वानांनी युक्ती काढली होती, की एक पोर चुकण्यासाठी नेमून ठेवायचं. तोच पाठ आधी चार वेळा घोटून घ्यायचा, आणि त्या दिवशी ‘मुलांनो, आज आपण काहीतरी नवीन शिकणार आहोत’ असं म्हणत हसतमुखाने सुरुवात करायची. नेमलेलं पोर चुकलं की दुसऱ्याने त्याला सुधारायचं आणि आपण मान डोलवायची. आमच्या प्राध्यापकांना हे ठाऊक होतं, परीक्षकांना ठाऊक होतं, पोरांना तर होतंच. फक्त कुणी बोलून दाखवायचं नाही. यालाच शिक्षणशास्त्र म्हणतात असं माझं तेव्हा मत होतं, आणि तीस वर्षं नोकरी करूनही ते फारसं बदललेलं नाही.

मी स्वतःला या सगळ्यांपेक्षा फार वरचा समजत असे. कोल्हापुरात राहून मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालो होतो, आणि कृष्णाकाठच्या त्या धुळकट गावात एक वर्ष काढणं म्हणजे आपण जगावर केलेले उपकार आहेत अशा थाटात वावरत होतो. वार्षिक पाठासाठी मला विषय मिळाला होता, इंग्रजीतले सोपेपणाचे आणि अवघडपणाचे वाक्प्रचार. सोपं काम म्हणजे ‘पीस ऑफ केक’ किंवा ‘वॉक इन द पार्क’. अवघड काम म्हणजे ‘हार्ड नट टू क्रॅक’ किंवा ‘अपहिल टास्क’. वर्गातल्या निम्म्या पोरांनी केक फक्त बेकरीच्या काचेतून पाहिला होता. गावात बाग एकच, तिथलं कारंजं कोरडं, आणि आत फिरायला जाई ती नगरपालिकेच्या शिपायाची शेळी. अक्रोड कुठे मिळाला नाही म्हणून फोडायला अवघड दाखवण्यासाठी मी एक सुपारी नेली, तर मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, सर, अडकित्ता न्हाई का? अशा पोरांना साहेबाची भाषा शिकवायची होती. मला हसू यायचं, आणि ते मी लपवतही नसे.

पण पाठ चांगला होणं मला भाग होतं. त्याच शाळेत जूनपासून इंग्रजीची एक जागा रिकामी होणार होती, आणि मुख्याध्यापक थोरवत सरांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, की पन्नासपैकी चाळीस आणा, जागा तुमची. थोरवत सर हा माणूस म्हणजे चालताबोलता निकालाचा फलक होता. शाळेच्या दारातच काळ्या फलकावर पांढऱ्या रंगात दहावीचे निकाल लिहिलेले असत, ब्याण्णव टक्के, चौऱ्याण्णव टक्के, शहाण्णव टक्के. हे कसं जमतं ते गावाला ठाऊक नव्हतं, शिक्षकांना होतं. मार्च महिन्यात सर नववीची यादी पुढ्यात घ्यायचे आणि जो दहावीत दगा देईल असा संशय येई त्याच्या नावापुढे लाल पेन्सिलीने फुली मारायचे. मग त्याने पेपर कसाही लिहिला तरी तो नववीतच राहायचा. मुलगा असला तर पुन्हा बसायचा. मुलीला घरचे काढून घ्यायचे.

तर चुकायला कुणी तयार होईना. शेवटी मी स्वतःच बोट दाखवलं ते तिसऱ्या रांगेतल्या मालन कोळेकरकडे. तिचे वडील मेंढरं राखत. ती वस्तीवरून दीड कोस चालत येई आणि तिच्या दप्तराला लोकरीचा वास येई. तिला निवडण्याचं कारण एवढंच, की तिच्यासाठी भांडायला कुणी येणार नव्हतं. शिवाय पहिल्याच तालमीत तिने मला आडवा प्रश्न विचारला होता. ‘अपहिल टास्क’ म्हणजे अवघड काम, असं मी सांगितल्यावर ती उभी राहून म्हणाली होती, “सर, चढ कशाचा अवघड? चढाला मेंढरं आपली एका मागनं एक जात्यात. उताराला घसरत्यात, पाय मोडत्यात. माणसाचंबी गुडघं उतारालाच दुखत्यात.” वर्ग हसला. मीही हसलो आणि तिला म्हटलं, की इंग्रजांनी ही भाषा तुझ्या मेंढरांना विचारून केलेली नाही, बस खाली. ती बसली. पण दुसऱ्या दिवशी चारही वाक्प्रचार तिने अर्थासकट, वाक्यात उपयोगासकट म्हणून दाखवले. तेवढं त्या डॉक्टरांच्या मुलीलाही जमत नव्हतं.

ती एकदम हो म्हणाली नाही. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“सर, हे चुकल्यालं थोरवत सर वार्षिकाला धरतील का?”

“कशाला धरतील? हे खोटं-खोटं आहे.”

“न्हाई म्हंजे, आबा म्हणलाय, एकदा जरी मागं ऱ्हायलीस तर साळा बंद. मेंढरामागं तरी जायाचं, न्हाईतर लगीन.”

“तुझ्या पास-नापासाशी याचा काही संबंध नाही,” मी म्हणालो. “ती जबाबदारी माझी.”

दिलेला शब्द मला त्या वेळी फारसा जड वाटला नाही. आपल्याकडे एखादी गोष्ट मागणाऱ्या पोराला वाटेला लावण्यासाठी मोठी माणसं जसं बोलतात तसं मी बोललो होतो. ती मात्र समाधानाने वर्गात गेली.

पुढची अडचण निराळीच निघाली. तिच्या तोंडात चूक टिकेना. ‘अपहिल टास्क मीन्स इझी वर्क’ एवढं तिने म्हणायचं, नगरसेवकाच्या पुतण्याने ‘नो सर, डिफिकल्ट वर्क’ म्हणून तिला सुधारायचं, आणि पाठ पुढे सरकायचा, असं ठरलं होतं. पण मालन ‘इझी वर्क’ म्हणाली की लगेच जीभ चावून ‘डिफिकल्ट, सर, डिफिकल्ट’ म्हणून मोकळी व्हायची. दोनदा झालं, तीनदा झालं. पुतण्या बिचारा उभा राहून तसाच बसायचा. माझं डोकं फिरलं.

“तुला एवढं साधं चुकता येत नाही?” मी ओरडलो. “एकदा इझी म्हटलं की इझी. मग कुणीही विचारो, कितीदाही विचारो, उत्तर बदलायचं नाही.”

“परीक्षकांनी इचारलं तर?”

“तरी तेच.”

“तुमी इचारलं तर?”

“तरी तेच,” मी वैतागून म्हणालो. परीक्षक मुलांना कधीच काही विचारत नाहीत, असं आम्ही धरून चालत असू. त्यांचं लक्ष पाठानंतरच्या शिऱ्याकडे असे.

आमच्या वाट्याला आलेले परीक्षक म्हणजे मुळगुंद नावाचे एक निवृत्त प्राचार्य होते. तोंडात लवंग, काखेत छत्री, आणि चेहरा असा की जणू आयुष्यभर दुसऱ्यांनी घोटलेले पाठ ऐकून कान किटले आहेत. ते मागच्या बाकावर बसले आणि मी ‘आज आपण काहीतरी नवीन शिकणार आहोत’ म्हणायला लागलो तेव्हा त्यांनी जांभई दिली. त्या जांभईने मला धीर आला. झोपाळू परीक्षक सढळ असतात असं आमच्यात समजत.

पाठ छान चालला. पाच जण पोपटासारखे बोलले. केकचं चित्र, बागेचं चित्र, सुपारी, सगळं जागच्या जागी झालं. मग मी फळ्यावर डोंगर काढला, ‘अपहिल टास्क’ असं लिहिलं, आणि सर्व वर्गावरून नजर फिरवून, जणू आत्ताच सुचलं अशा आवाजात मालनला उभं केलं.

“अपहिल टास्क मीन्स इझी वर्क, सर,” ती म्हणाली. जीभ चावली नाही, काही नाही. पुतण्याने तिला सुधारलं. मी मान डोलवली, आणि पाच गुण खिशात पडल्याच्या आनंदात थोडा जास्तच रंगात आलो. तिच्याकडे वळून म्हणालो, की मेंढरांच्या मागे फिरून डोंगर कळत नाही, त्याला पुस्तक उघडावं लागतं. हे पाठाच्या टिपणात नव्हतं. वर्ग खो खो हसला. मालनही थोडी हसली. तिला वाटलं असेल हेही ठरलेलंच आहे.

पाठ संपता संपता मुळगुंद उठले. छत्री बाकावर ठेवून ते सावकाश पुढे आले आणि मालनच्या बाकापाशी थांबले.

“तू चुकली होतीस ना? आता सांग बघू. अपहिल टास्क म्हणजे काय?”

सगळ्या गावात कुणाला कळलं नसेल एवढं मला त्या क्षणी कळलं. हा म्हातारा इतकी वर्षं हेच करत आला असणार. नेमलेलं पोर दुसऱ्यांदा जराही न अडखळता घोटलेलं बरोबर उत्तर देतं, नाटक उघडं पडतं, मग तो मनात हसतो, आणि सात-आठ गुण कापतो. मालनने माझ्याकडे पाहिलं. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

“इझी वर्क, सर,” ती म्हणाली.

मुळगुंदांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी फळ्याकडे बोट दाखवलं. हा डोंगर, त्यावर माणूस चढतोय, त्याला घाम आलाय, तर काम सोपं की अवघड, असं मराठीत फोड करून विचारलं.

“सोपं, सर.”

“का म्हणून?”

मला वाटलं, आता ही रडणार आणि सगळं ओकणार. पण तिने सरळ त्यांच्याकडे पाहिलं, आणि चढाला मेंढरं कशी नीट जातात, उताराला कशी घसरतात, माणसाचे गुडघे कधी दुखतात, ते सगळं पहिल्या दिवशी मला सांगितलं होतं तसं सांगितलं. वर्ग पुन्हा हसला. माझं खोटं उभं राहावं म्हणून त्या पोरीने आपल्या घरचं खरं त्याला टेकू म्हणून दिलं होतं. मुळगुंदांनी तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदाही ती ‘इझी’च म्हणाली आणि बसली.

एक वाक्य बोललो असतो तर भागलं असतं. मालन, आता खरं उत्तर सांग, एवढंच. तिने चारही वाक्प्रचार उलटसुलट म्हणून दाखवले असते. माझा पाठ घोटलेला ठरला असता, पस्तीस-छत्तीस गुण पडले असते. मी फळा पुसायला घेतला.

थोरवत सरांच्या खोलीत शिरा आला तेव्हा मुळगुंद खुशीत होते. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

“हेरवाडे, अठरा वर्षं मी वार्षिक पाठ बघतोय. खरंखुरं चुकीचं उत्तर आज पहिल्यांदा ऐकलं. नाहीतर सगळी नाटकं. तुमचा वर्ग अस्सल आहे. चव्वेचाळीस दिलेत.”

मी नम्रपणे मान खाली घातली. असली नम्रता मला तोपर्यंत चांगली जमायला लागली होती. मुळगुंद शिऱ्याचा घास घेत थोरवत सरांना म्हणाले, की ती मेंढरंवाली मुलगी मात्र कठीण आहे हं, तीन-तीनदा सांगून डोक्यात शिरत नाही, बोर्डात तुमचा निकाल खाली ओढेल. एवढं बोलून ते हात धुवायला गेले.

थोरवत सरांनी टेबलाच्या खणातून नववीची यादी काढली. मार्चचा पहिला आठवडा होता. कोळेकर हे नाव त्यांनी बोटाने शोधलं आणि दुसऱ्या हाताने लाल पेन्सिल उचलली. पण फुली मारली नाही. थोरवत सरांना मी कितीही नावं ठेवली तरी हे मला सांगितलंच पाहिजे, की त्यांनी मला विचारलं.

“तुम्ही महिनाभर या वर्गावर आहात. सहामाहीला हिला बरे गुण आहेत. दहावी झेपेल का हिला?”

बाहेर नळाचं पाणी वाजत होतं. मुळगुंद तोंड पुसत केव्हाही आत आले असते. आजच्या गुणांचा कागद अजून त्यांच्या पिशवीत होता, पाकीटबंद झाला नव्हता. हे सगळं मी मोजलं. अगदी व्यवस्थित मोजलं, घाबरून काही बोलून गेलो असं मी म्हणणार नाही.

“अवघड आहे, सर,” मी म्हणालो.

त्यांनी फुली मारली आणि मला आणखी थोडा शिरा घ्यायचा आग्रह केला. मी घेतला.

बाहेर पडलो तर मालन फाटकाशी थांबलेली. शाळा सुटून अर्धा तास झाला होता आणि तिला दीड कोस चालायचं होतं. चेहरा नुसता फुललेला.

“सर, तिनदा इचारलं त्यांनी. म्या बदललं न्हाई.”

“पाहिलं मी,” मी म्हणालो.

“तुमचं काम झालं न्हवं?”

मी हो म्हटलं. ती दप्तर सावरत रस्त्याला लागली आणि मी सायकलीत हवा आहे का ते उगाच दाबून पाहत राहिलो.

जूनमध्ये मी त्या शाळेत रुजू झालो. नेमणूक तात्पुरती होती, वर्षाच्या शेवटी थोरवत सरांच्या शेऱ्यावर ती कायम व्हायची होती. दहावीच्या हजेरीत कोळेकर हे नाव नव्हतं, नववीच्याही नव्हतं. मी कुणाला काही विचारलं नाही. नवीन शिक्षकाच्या गळ्यात शाळेची सगळी हमाली पडते तशी माझ्याही पडली, आणि ऑगस्टमध्ये कारकून रजेवर गेला तेव्हा दाखले लिहायचं काम माझ्याकडे आलं.

त्या आठवड्यात एके सकाळी मालन आली. बरोबर तिचा बाप, आबा, होता. तो घोंगडं खांद्यावर टाकून दाराबाहेरच उकिडवा बसला. दिवाळीनंतर लग्न ठरलं होतं, आणि मुलाकडच्यांना मुलगी नववीपर्यंत शिकल्याचा कागद हवा होता. शिकलेली सून हवी आणि शिकू मात्र द्यायचं नाही, या लोकांच्या अकलेला काय म्हणावं, असं माझ्या मनात आलं. हे माझ्या मनात आलं, हे विशेष.

मी दाखल्याचं पुस्तक उघडलं. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, सगळं रजिस्टरवरून उतरवत गेलो. मालन टेबलासमोर उभी होती. पाच महिन्यांत ती उंच झाली होती. तिने एकदा मागे वळून आबाकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली,

“सर, आता तरी सांगा की थोरवत सरांस्नी.”

“काय सांगू?”

“मला येत हुतं म्हणून.”

“आता सांगून काय उपयोग, मालन? निकाल लागून गेला.”

“उपयोग न्हाईच,” ती म्हणाली. “पर त्यास्नी वाटतंय मी ढ हाय. आबालाबी तसंच वाटतंय. मला येत हुतं, हे तुमास्नी एकट्यालाच ठावं हाय.”

तिने मला दोष दिला नाही, शब्दाची आठवण करून दिली नाही. थोरवत सर शेजारच्याच खोलीत होते. मध्ये एक हिरवा पडदा होता, आणि पलीकडे ते वर्तमानपत्राचं पान उलटताना ऐकू येत होतं. मी हाक मारली असती तरी पुरलं असतं.

त्या गावात आल्यापासून मी कितीतरी माणसांना तुच्छ लेखलं होतं, लवंग चघळणाऱ्या परीक्षकाला, फलक रंगवणाऱ्या मुख्याध्यापकाला, केक न पाहिलेल्या पोरांना. त्यांतल्या एकाचीही माझ्याइतकी खालची पायरी नव्हती, हे मला तिथे खुर्चीत बसल्या बसल्या अगदी लख्ख कळलं. कळलं, आणि तरी मी खुर्चीतून उठलो नाही.

‘अभ्यासातील प्रगती’ असा एक रकाना दाखल्यावर असतो. मी टाक बुडवला आणि त्यात वळणदार अक्षरात लिहिलं, ‘साधारण’.

मालनने ते समोरून, उलट्या बाजूने वाचलं. मग आबाला आत हाक मारली, आणि अंगठा कुठे उठवायचा ते त्याला बोटाने दाखवलं.